जेवलेल्या गोचिडीचा फोटो

चिमटेबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं, हे आता कुणीच कबूल करणार नाही. पण बाईंना चिमट्याशिवाय पाहिलेला माणूस असेल, तर त्यानं पुढे यावं. गल्लीतलं एखादं कुत्रं कान खाजवताना दिसलं, की बाई भाजीची पिशवी तिथेच ठेवून त्याच्यासमोर उकिडव्या बसत. कानामागची टम्म फुगलेली गोचीड अलगद उचलून बाटलीत टाकत, बाटलीच्या तोंडाला फडकं बांधत आणि वर मालकालाच दटावत, "ताप आहे याला! गोचीड रक्त पिते ते पिते, तापाचे जंतूही सोडून जाते. दवाखान्यात न्या, आणि आज न्या."

जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत बाई चोवीस वर्षं टेक्निशियन होत्या. काम काय, असं विचारलं की शेजारणींचा चहा हातात गार व्हायचा. आजारी कुत्र्यावरची गोचीड आणि धडधाकट कुत्र्यावरची गोचीड दिसायला सख्ख्या बहिणी. पण एकीच्या पोटात जंतू असले, तर तिच्या अंगातली प्रथिनं दुसरीसारखीच राहतात का, हे शोधायचं. त्यासाठी गोचिडी वाटायच्या, रस जेलीच्या पातळ थरात सोडायचा आणि वीज लावायची. हलकी प्रथिनं पुढे पळतात, जड मागे रेंगाळतात. मग निळा रंग दिला की एकाखाली एक रेघा उमटतात, त्यांचा फोटो काढायचा.

यात बाईंचा एक हट्ट होता. गोचीड उपाशी पाहिजे. कुत्र्यावरून उतरवलेली गोचिडीची पिल्लं बाटलीत ठेवायची, कात टाकून मोठी झाली की आणखी तीन आठवडे पोटात काही जाऊ द्यायचं नाही. जेवलेली गोचीड म्हणजे निम्मं कुत्रंच. तिच्या रसात कुत्र्याच्या रक्ताची अशी जाडजूड रेघ उमटते, की गोचिडीचं स्वतःचं काय असेल ते तिच्याखाली गुडूप. चुकून तसा फोटो निघालाच, तर बाई त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहीत, 'खरकटा'.

हा हट्ट त्यांनी डॉक्टरांनाही शिकवला होता. डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेचे साहेब. अकरा वर्षांपूर्वी रुजू झाले, त्याच दिवशी एक गोचीड त्यांच्या मनगटावर चढली आणि साहेब स्टुलावर चढले. बाईंनी दोघांनाही खाली उतरवलं. आधी गोचीड, मग साहेब. तेव्हापासून तोंडात सारखं 'ताई, ताई'. डबा ताईंबरोबर, सल्ला ताईंचा.

गेल्या वर्षी बाईंना आजारी कुत्र्यांवरून आलेल्या गोचिडींमध्ये एक जास्तीची रेघ दिसली. केसाएवढी बारीक. त्यांनी तीनदा नव्यानं गोचिडी जमवल्या, तीनदा उपाशी ठेवल्या. रेघ तीनदा आली. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"ताई, कमाल केलीत! परिषदेत पडद्यावर दोन नावं असतील. आधी तुमचं, मग माझं. फोटोंचं सगळं पाकीटच द्या मला."

बाईंनी पाकीट दिलं. चोवीस वर्षांत त्यांचं नाव छापून आलं होतं ते हजेरीच्या कागदावर. ही बातमी त्यांनी तीन मजले पुरवून पुरवून सांगितली. मोठ्या नणंदेनं मात्र नाक मुरडलं. बाईंना 'किड्यांची आया' म्हणायचा मान तिचा होता.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघेन तेव्हा खरं."

सभागृहात दोघी मागून दुसऱ्या रांगेत बसल्या. बाईंनी चष्मा दोनदा पुसला. पडद्यावर मथळा आला. त्याखाली डॉक्टरांचं नाव, आणि त्याखाली नुसतं पांढरं.

"कुठंय गं वहिनी, तुझं?"

"शेवटी असेल, वन्सं."

मग फोटो आला. जाड, निळी, ठसठशीत रेघ. डॉक्टर रेघेवर काठी टेकवून म्हणाले, "हे ते वेगळं प्रथिन." बाई खुर्चीत पुढे सरकल्या. तो खरकटा फोटो होता. बारीक रेघेचा सोडून या माणसानं दिसायला देखणा उचलला होता. अकरा वर्षं ताई म्हणणाऱ्यानं एक फोटो उलटून पाहिला नव्हता.

शेवटी 'सर्व सहकाऱ्यांचे आभार' आलं आणि गेलं.

"सहकारी म्हणजे तूच का?" नणंदेनं विचारलं.

पुढच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उठले. "ही रेघ मला कुत्र्याच्या रक्ताची वाटते. गोचिडी उपाशी ठेवल्या होत्या का?"

डॉक्टर घोटभर पाणी प्यायले. "नमुने आमच्या टेक्निशियन बाई तयार करतात. हलगर्जीपणा तिथे झाला असावा." आणि मग त्यांनी माइकवर बाईंचं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट, अगदी स्पष्ट.

"आलं बघ," नणंद म्हणाली. पण हे म्हणताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर घाईनं आले. बगलेत फाइल, फाइलमध्ये ते पाकीट.

"ताई, सांभाळून घ्या हं. वेळच तशी आली. यातला बरोबर फोटो कुठला, तेवढं दाखवा. आज रात्री दुरुस्ती पाठवतो. आणि तुमचं नाव… बघू, घालतो कुठेतरी."

"पाकीट द्या बघू."

त्यांनी लगबगीनं दिलं. बाईंनी एकेक फोटो उलटला, पाठ वाचली, बारीक रेघेचा हाताला लागल्यावर क्षणभर थांबल्या. मग सगळे पुन्हा आत सरकवले.

"ताई?"

"टेक्निशियन बाई म्हणा. मघाशी माइकवर छान जमलं होतं."

"अहो, पण फोटो…"

"उद्या संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर दोन्ही ठेवते. खरकटा आणि उपाशी. तुम्हीही या. हलगर्जीपणा कुणाचा, ते तिथेच बघू."

डॉक्टरांनी पाकिटाकडे हात केला. तेवढ्यात नणंदेनं ते वहिनीच्या हातून घेतलं, आपल्या पर्समध्ये कोंबलं आणि चेन शेवटपर्यंत ओढली.

"चल गं," ती म्हणाली. बाई चालू लागल्या.