झुंबरबाईचा आराम

झुंबरबाईच्या डोक्यावर साधा ओरखडाही नव्हता, तिथंच घात झाला.

शेवगावच्या पूर्वेला आमचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव कोपरगावकडच्या ऊसफडांवर जातं. झुंबरबाईचा जन्म त्यातच गेला. मागच्या हंगामात तिला बाजूचं दिसेनासं झालं. समोरचा ऊस दिसे, शेजारून येणारी बैलगाडी दिसत नसे. एकदा तर कोयता स्वतःच्याच नडगीवर बसला. नवरा सहादेव करवादायचा, "ध्यान कुठं असतं तुझं?" सून रोहिणी मात्र चिवट. तिनं सासूला आधी शेवगावला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, मग नगरला. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. ती डोळ्यांच्या नसा दाबत होती, काढली नाही तर दोन्ही डोळे जाणार होते.

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून गाठ काढली. दोन दिवसांनी, मान न वळवता, दाराशी उभी असलेली रोहिणी झुंबरबाईला दिसली. सहादेव सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "मेंदूखाली आतून ठिगळ लावलंय. ते धरेपर्यंत वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. नाकातून पाणी गळलं तर लगेच या."

सहादेवनं हात जोडले. "कोयत्याला हात लावू देनार न्हाई सायेब. घरी आराम करंल."

गाव बघायला आलं. पट्टी नाही, टाके नाहीत, केस जिथल्या तिथं. छबूबाई तर तोंडावर म्हणाली, "नाकातनं काढली म्हंजी शेंबडाचीच गाठ असंल." सगळे हसले, झुंबरबाईसुद्धा हसली.

दिवाळीनंतर मुलगा कल्याण आणि रोहिणी फडावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळं सहादेव एकटा अर्धा कोयता म्हणून गेला. झुंबरबाई घरी राहिली. सोबत दोन नातवंडं, तीन शेळ्या आणि आराम. म्हणजे टँकर आला की डोक्यावर हंडा, कमरेत वाकून झाडलोट, चुलीपुढं गाल फुगवून फुंकणी. आमच्याकडं याला काम म्हणत नाहीत. ज्याची हजेरी लागते ते काम. मला या रीतीचा संताप येतो, पण माझ्या संतापाला विचारतो कोण?

सहादेव रोज फोन करायचा. "काम करती का काय?"

"न्हाई वो, घरीच तर हाय."

ती खोटं बोलत नव्हती.

थंडी वाढली तशी चुलीपुढं वाकलं की तिच्या नाकातून टपटप पाणी पडायला लागलं. डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत होतं, पण चुलीच्या धुरानं कुणाचं नाक वाहत नाही? ती पदरानं पुसायची आणि भाकरी थापायची. मग एका सकाळी ताप चढला, मान लाकडासारखी ताठली. शेजाऱ्यांनी जीप करून तिला नगरला नेलं. फडावरून तिघंही धावत आले.

डॉक्टर म्हणाले, "ठिगळ सुटलंय. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळत होतं, आता आत जंतू गेलेत. वजन उचललं होतं का?"

"पोरांची आन सायेब," सहादेव म्हणाला. "येक काम करू दिलं न्हाई."

"घरात पाणी कोण भरतं?"

सहादेव गोंधळला. "पानी व्हय? पानी तीच भरायची की."

मागं उभ्या रोहिणीनं विचारलं, "आन वाकून झाडलोट, चुलीची फुंकणी, त्येबी का सायेब?"

झुंबरबाई शुद्धीवर आलीच नाही. चौथ्या दिवशी गेली.

दहाव्याला माणसं जमली. जो भेटेल त्याला सहादेव सांगत होता, "लई जपलं म्या तिला. येक काम करू दिलं न्हाई." आतून रोहिणी आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, गप बसा वो आता."

सहादेवनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीला सासूचं दुःख सोसवेना, असं त्याला वाटलं.