निंगव्वाची शिवण

मिरचीच्या गोदामात नव्या बाईचा पहिला आठवडा शिंकण्यातच जातो. कमलम्माचाही तसाच गेला होता. नवरा वारल्यावर ती अक्कलकोटकडच्या खेड्यातून सोलापुरात आली आणि विरुपाक्ष मालकांच्या गोदामात देठ काढायला बसली. शेजारी निंगव्वा होती. तोंडाला ओला पदर कसा बांधायचा, हाताची आग व्हायला लागली की पाणी न लावता तेल कसं चोळायचं, हे सगळं तिनंच शिकवलं. दोघी दिवसभर कानडीत बोलत बसायच्या.

गोदामात ब्याडगी मिरची यायची. देठासकट माल इथल्या कांडपाला आणि चटणीवाल्यांकडे जायचा. देठ काढलेला, निवडलेला माल परदेशी. त्या पोत्यांची तोंडं निंगव्वा शिवायची. ती डावखुरी असल्यामुळं तिचा टाका उलट्या अंगाला झुकायचा, आणि शेवटची गाठ पोत्याच्या कोपऱ्याला काढलेल्या कानाखाली अशी दडवलेली असायची की शोधावी लागे. दुसऱ्या कुणाला ते कधी जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात निंगव्वाचा दम वाढला आणि ती गेली. तिच्या जागेवर कुणी बसायला तयार होईना. भीती म्हणून नव्हे, पण बाया आपसूक थोडं लांब सरकून बसायच्या.

दिवाळी झाली आणि निंगव्वानं शिवलेली पोती परत आली. परदेशच्या बंदरावर तपासणी झाली होती. फवारणीच्या औषधाचा अंश जास्त निघाला म्हणून अख्खा कंटेनर माघारी पाठवला होता. मालकांनी सांगितलं, पोती फोडा, दुसऱ्या मालात मिसळा, इथल्या बाजारात खपून जाईल. तिथं चालत नाही ती मिरची इथं कशी चालते, हे कमलम्माच्या ओठापर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं आणि विळीवर सुतळी कापायला सुरुवात केली.

दुपारी बाया लिंबाखाली भाकरी खायला गेल्या. परत येऊन बघतात तर फोडलेल्या पोत्यांची तोंडं शिवलेली. टाका उलट्या अंगाला झुकलेला. गाठ कानाखाली.

कमलम्मानं पुन्हा सुतळ्या कापल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मग दोघीजणी कामाला यायच्या बंद झाल्या. राहिलेल्या बाया पोत्यांकडं पाठ करून बसायला लागल्या, आणि पाठ केली की आणखीच अस्वस्थ व्हायच्या. मालक चिडले. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणाले, आणि पुढच्या दुपारी जेवायला घरी न जाता केबिनच्या काचेआड बसून राहिले.

बाया परतल्या तेव्हा मालक दारातच उभे होते. चेहरा उतरलेला. त्यांनी कमलम्माला बाजूला बोलावलं.

"कमलाबाई, तुम्ही आत कशाला आला होता?"

"मी न्हाय आले, मालक. मी लिंबाखालीच बसले होते की."

मालक तिच्या हाताकडं बघत राहिले. तिनं डावा तळवा उलटा केला. बोटांच्या पेरांवर दाभणाची टोकं रुतल्याचे लाल ठिपके होते आणि करंगळीखाली सुतळीचा ताजा काच पडला होता. कमलम्मा सगळं काम उजव्या हातानं करायची. डाव्या हातानं तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

मालक हळू आवाजात म्हणाले, "मी हाक मारली तुम्हाला. तुम्ही वर बघितलं नाही. म्हणालात, 'बाय कट्टीनी, बिच्चब्याड तम्मा.'"

तोंड बांधलंय, सोडू नको, धाकट्या. कमलम्मानं मालकांना जन्मात कधी 'तम्मा' म्हटलं नव्हतं. तसं म्हणायची ती निंगव्वा. मालक शाळेच्या दप्तरासकट वडिलांबरोबर गोदामात यायचे, तेव्हापासून.

तिच्या अंगावर काटा आला. त्याच वेळी आतून काहीतरी भरूनही आलं, आणि हे कुणाला सांगावं ते तिला कळेना.

त्यानंतर त्या पोत्यांना कुणी हात लावला नाही. मालकांनी चिंचोळीकडच्या आपल्या पडीक जागेत जेसीबीनं खड्डा घ्यायला लावला. कमलम्माला बरोबर नेलं. पोती बंद तोंडानंच खड्ड्यात उतरली. माती पडायला लागली तसा मिरचीचा ठसका उठला आणि ड्रायव्हरसकट सगळे खोकायला लागले. कमलम्मा तेवढी शांत उभी होती. तिला काहीच लागलं नाही, ना नाकाला, ना घशाला.

गाडीत मालकांनी विचारलं, निंगव्वाच्या घरी सांगायचं का?

"नको," ती म्हणाली. "भितील उगं."

संध्याकाळी सून श्रीदेवीनं ताटात शेंगाचटणी वाढली. कमलम्मानं घास घेतला. माती चावावी तशी चव. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं कच्ची मिरची दातांखाली धरून पाहिली, तीही मुकी. श्रीदेवी डॉक्टरकडं चला म्हणायला लागली.

मग एका सकाळी न्याहारीला जीभ एकदम पेटली. डोळ्यांतून पाणी आलं, श्रीदेवी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. कमलम्मानं पाणी घेतलं नाही. निंगव्वा आता आपल्यातून गेली, एवढं तिला कळलं. ती आग तोंडात तशीच धरून उंबऱ्यावर बसून राहिली, आणि सुनेला वाटलं, सासूबाई तिखटानंच रडतायत.