बदरुन्निसानं जहाज सोडवलं

वऱ्हाडातल्या जहागीरच्या मालेगावात आठवडी बाजाराच्या दिवशी बदरुन्निसा मनियारीण बांगड्या मांडून बसायची. तीस वर्षं तिनं अख्ख्या मुलुखाच्या बायांचे हात दाबून बांगड्या भरल्या, पण कोणाची अरेरावी ऐकून घेतली नाही. १९५४ साली ती हजला गेली. परतीचं जहाज मुंबईसमोर येऊन अडकलं. एका हाजीला देवी निघाल्या होत्या. त्याला दवाखान्यात हलवलं, नर्सबाईनं सगळ्यांना टीके टोचले आणि डोलकाठीवर पिवळं निशाण चढलं. ते उतरेस्तोवर जमिनीवर पाय ठेवायचा नाही.

तिकडे गावी तिची लेक कुलसुम पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, घरात दुसरं बाईमाणूस नाही. बदरुन्निसा रोज त्या निशाणाला शिव्या घालायची.

चौदाव्या दिवशी बंदराचे डॉक्टर चढले. पुरुषांची तपासणी झटक्यात झाली. पण पडद्यातल्या चाळीस बाया परपुरुषासमोर यायला तयार होईनात. नर्सबाईची तपासणी चालत नव्हती, डॉक्टरीणबाई आजारी, त्या चार दिवसांनी येणार. डॉक्टरांनी वही मिटली.

बदरुन्निसाचं टाळकं सरकलं. ती बायांवर उखडली. "काहून वं, घरी मनियार येते तवा पडद्यातून हात देता ना? तो काय तुमचा मामा लागते?"

तिनं दोरीवर चादर टाकली. डॉक्टर म्हणाले, चेहरा न पाहता सही कशी करू?

"नाडी हातात, टीका दंडावर, देवी हातावरबी निघते. तोंडं मी पाहतो. एकीच्याबी तोंडावर पुळी दिसली त मीच सांगीन. हजवरून आली मी, खोटं बोलाची नाही."

डॉक्टरांनी वही उघडली.

चादरीतून एकेक हात बाहेर यायला लागला. डॉक्टर दंड पाहायचे, नाडी धरायचे, "ताप नाही" म्हणायचे. आतून बदरुन्निसा सवयीनं बांगडीचं मापच सांगायची, सव्वादोन, अडीच. शेवटी डॉक्टरही हसायला लागले.

दुपारी निशाण उतरलं.

जऊळका स्टेशनावरून बैलगाडीनं ती घरी पोचली, आणि तिसऱ्या दिवशी कुलसुमला मुलगी झाली, आजीच्याच हातात. शेजारची चंदाबाई काळ्या मण्यांच्या इवल्या बांगड्या घेऊन आली. बदरुन्निसानं नातीचा दंड उलटसुलट पाहिला आणि बांगड्या परत दिल्या.

"पयले टीका," ती म्हणाली, "मंग बांगडी."