कुरडयांच्या दिवशी आलेला फोन

आईला नाही, वहिनीला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं त्या पौर्णिमालाही नाही — ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर बसून ऐकणारं, डोळ्यांत बघणारं माणूस असतं तर मी नक्की अर्ध्यावर विषय बदलला असता. विषय बदलणं मला फार छान जमतं.

घरी मला मंजू म्हणतात. आमची संत्र्याची शेती काटोलकडे; दादा ये-जा करून बघतो, आणि आम्ही सगळे — आई, दादा, वहिनी, मी — शहरात मनीषनगरला राहतो. मी सक्करदऱ्यातल्या एका दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. पौर्णिमा तिथेच नर्स होती. ती खापरखेड्याची. आई लहानपणीच गेलेली, बाबा वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तिचं घर बौद्ध, आमचं घर — कसं सांगू? पौर्णिमा घरी आली की आई तिच्याशी गोडच बोलायची, पण चहा एका ठरलेल्या कपात द्यायची. पौर्णिमाच्या ते लक्षात आलं होतं. माझ्याही आलं होतं. मी काही बोलले नाही. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं एकदम झालं असं तुम्हाला वाटायला नको.

आम्ही दोघी एकमेकींच्या होतो. मैत्रिणी म्हणून नव्हे. जसे नवरा-बायको एकमेकांचे असतात, तशा. एवढं साधं वाक्य, पण लिहिताना अजूनही हात थांबतो. ड्युटी सुटली की तलावाच्या कडेला स्कूटी लावून बसायचो, एकाच हेडफोनमध्ये दोघींचे कान. ती हॉस्टेलवर, मी दादाच्या घरी. एका छपराखाली सलग राहणं आम्हाला कधी मिळालंच नाही.

मग तिला कॅनडात नोकरी लागली. दोन-चार वर्षांत ती तिथली कायमची रहिवासी झाली आणि तिनं ठरवलं, की मला बोलवून घ्यायचं. पण कोण म्हणून? इथे आमचं लग्न होत नाही. तिथे जाऊन करावं, तर मला फिरायला जायचा व्हिसासुद्धा मिळाला नव्हता. एकत्र राहिल्याचा पुरावा मागतात, तो नाही. शेवटी तिथल्या एका वकिलानं तिला सांगितलं, की ज्यांना लग्नही करता येत नाही आणि एकत्र राहताही येत नाही, अशा जोडप्यांसाठी एक वेगळी वाट आहे. मात्र नातं खरं आहे हे पटवून द्यावं लागतं — फोटो, फोन, एकमेकींसाठी केलेला खर्च, आणि मुख्य म्हणजे, हे नातं ठाऊक असलेली माणसं.

माझ्याकडून असं एकही माणूस नव्हतं. तिच्याकडून एक होतं. तिचे बाबा.

त्यांना पौर्णिमानं कॅनडाला जायच्या आधीच सांगितलं होतं. ते बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका रविवारी मला जेवायला बोलावलं. स्वतः भाकरी थापल्या, झुणका केला, माझ्या ताटात वाढला आणि म्हणाले, "मले समजत नाही हे सारं. पन पोरगी खोटं बोलत नाही माही. तू बी नको बोलू तिच्यासंग." मी मान हलवली. मी त्यांना काका म्हणायचे. माझ्या घरात मला जे मिळालं नाही ते त्या माणसानं मला ताटात वाढलं होतं — हे तेव्हाही कळत होतं मला. अर्जात त्यांनी स्वतःचं नाव आणि फोन नंबर दिला. लोक काय म्हणतील, असं एकदाही विचारलं नाही.

आणि आता तो दिवस.

उन्हाळा होता. आमच्या गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. आई, वहिनी, शेजारच्या दोघी काकू आणि मी. सोऱ्या माझ्याकडे होता, कोपरापर्यंत हात गव्हाच्या चिकानं भरलेले. फोन वाजला. आईनं तो उचलून माझ्यासमोर धरला आणि हात खराब आहेत म्हणून स्पीकरचं बटण दाबून दिलं. व्हिसा कार्यालयातली बाई होती, इंग्रजीत बोलत होती. घरी मी नोकरीसाठी कॅनडाचा अर्ज केलाय, एवढंच सांगितलं होतं. तिनं माझं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आणि मग विचारलं, "तुम्ही आत्ता मोकळेपणानं बोलू शकता का? नाही तर मी नंतर फोन करते."

बघा — तिनं मला वाट दिली होती. सरळ, मोकळी वाट. "नंतर करा" एवढं म्हणायचं होतं. किंवा हात पाण्यात बुडवून फोन घेऊन खाली जायचं होतं. कुणी अडवणार होतं का मला?

मी म्हटलं, "बोला. काही हरकत नाही."

का म्हटलं? त्या बाईला 'नंतर' म्हटलं असतं, तर वहिनीनं विचारलं असतं ना, की काय लपवून राहिली? आई आणि काकूंना इंग्रजी येत नाही. वहिनी शाळेत शिकवते. म्हणजे त्या गच्चीवर माझं उत्तर समजणारं एकच माणूस होतं, आणि त्या एका माणसाच्या चेहऱ्याकडे बघत मी उत्तरं दिली.

पौर्णिमा तुमची कोण? मी म्हटलं, मैत्रीण. खूप जवळची. बहिणीसारखी. बाईनं तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला — तुमचं नातं जोडप्यासारखं आहे का? मी हसले. अगदी खरं सांगते, हसले मी. म्हटलं, नाही नाही, तसं काही नाही. कॅनडात कुठे राहणार? तिच्याकडे, माझी सोय होईपर्यंत. लग्नाचं काय? घरचे बघताहेत.

घरचे बघत नव्हते. ते वाक्य मी वहिनीसाठी बोलले होते.

फोन बंद झाल्यावर आईनं विचारलं, "कोन होती वं?" मी म्हटलं, व्हिसावाले, नोकरीचं विचारत होते. वहिनीनं चिकाचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी पुन्हा सोऱ्या फिरवायला लागले. त्या दिवशीच्या कुरडया छान पांढऱ्या झाल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, मी घाबरले, चुकले, त्याच दिवशी पौर्णिमाला फोन करून सांगितलं असेल. मलाही वाटलं होतं मी सांगेन. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला निघण्याआधी तिचा फोन आला — तिच्याकडे संध्याकाळ असायची तेव्हा — तिनं विचारलं, काही कळलं का? मी सांगितलं, फोन आला होता, साधेच प्रश्न होते, सगळं नीट झालं. ती आनंदानं म्हणाली, "बाबालेही आला होता." काकांनी तिला सगळं सांगितलं होतं. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही. हिंदीत बोलले, मधे मधे इंग्रजीत. मंजू कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "शी इज ऑल्सो माय डॉटर."

काही महिन्यांनी नकार आला. कारण म्हणून एवढंच, की नातं जोडप्याचं आहे याची खात्री पटली नाही. पौर्णिमा रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती — असं काहून झालं? आपण तर सगळं दिलं होतं. काहून?

आता मी जे केलं ते सांगते. इथवर आले ती याच्यासाठीच. गच्चीवरचं भित्रेपण मी कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पण हे नाही.

मी म्हटलं, "काका डॉटर म्हणाले ना... व्हिसावाल्यांना आपण बहिणी वाटलो असू."

ठरवून नव्हतं म्हटलं, असं लिहिणार होते. पण ते खोटं आहे. आदल्या दिवशी नकार हातात आला, तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं.

ती म्हणाली, "हो. तेच झालं असेल." तिनं बाबांना फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही. तिचा जिभेवर ताबा नव्हता, आणि इतक्या वर्षांचं सगळं त्या एका वाक्यावर येऊन बसलं होतं. नंतर मला म्हणाली, "त्यायले साधं सांगता नाही आलं, मंजू. एक शब्द सांगता नाही आला." त्यानंतर तिचा खापरखेड्याला रोज जाणारा फोन महिन्यातून एकदा जायला लागला. तब्येत, गोळ्या, ठेवते.

काकांनी मला बोलावलं. मी गेले. त्यांनी पुन्हा जेवायला घातलं. हात धुतल्यावर समोर बसले आणि विचारलं, "मी का चुकीचं बोललो वं? मले तर पोरगीच वाटते तू, म्हनून तसं म्हटलं." मी म्हटलं, होतं असं कधी कधी, काका. ते म्हणाले, "मंग काय म्हनाव लागते? तू शिकवून दे मले. पुन्हा फोन आला तं मी बराबर सांगतो."

आणि मी त्यांना शिकवलं. हो. 'पार्टनर' हा शब्द मी त्यांना शिकवला. शी इज माय डॉटर्स पार्टनर. 'डॉटर्स'मधला शेवटचा स त्यांच्याकडून राहून जायचा, तर मी दुरुस्त केला. पुन्हा म्हणायला लावलं. शाळेतल्या मुलासारखे ते पुन्हा म्हणाले. त्या वेळी मी सांगू शकले असते की नाही? खोलीत आम्ही दोघंच होतो. ना आई, ना वहिनी, ना काकू. मग मी कुणाला भीत होते?

पौर्णिमाला अपील करायचं होतं. तिचा वकील म्हणत होता, केस चांगली आहे, अधिकाऱ्यानं काय नोंदवलं ते सगळं समोर येईल. ते ऐकल्यावर मीच म्हटलं, आता पुरे. माझ्यात ताकद नाही. तू तरी किती दिवस थांबणार? ती कित्येक दिवस मला समजावत राहिली. मग थांबली. त्यानंतरचं तुम्ही ओळखलंच असेल. तुटलं असं काही झालं नाही, सकाळचे फोन कमी झाले आणि एक दिवस नव्हतेच. तिनं मला कधी दोष दिला नाही. तिच्या हिशेबात दोष आधीच दुसऱ्याच्या नावावर लागलेला होता.

काका गेले ते अचानक, हृदयविकारानं. तिला अंत्यविधीला पोचता आलं नाही, नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आली. पांढऱ्या साडीत, वंदना चालू असताना माझ्या शेजारी बसली होती. सगळे उठल्यावर म्हणाली, "मी बाबाले कधी म्हटलंच नाही, का आता राग नाही म्हनून. म्हटलं, समोर गेल्यावर सांगू." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी बराच वेळ काढला नाही. एवढंच केलं मी. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि शेजारच्या बायका म्हणाल्या, हिची मैत्रीण चांगली आहे.

ती परत गेली. तिथे आता तिच्यासोबत कुणीतरी आहे, सुखात आहे असं दिसतं. आमचं अधूनमधून बोलणं होतं. आपल्याकडच्या अशा जोड्यांना, ज्यांना लग्न करता येत नाही आणि एकमेकांकडे जायचं आहे, त्यांना ती आता अर्जात मदत करते. कुठला मार्ग धरायचा, काय जोडायचं, फोन आला तर काय बोलायचं.

गेल्या महिन्यात तिनं फोन केला होता. अमरावतीची एक मुलगी आहे, तिची आई सगळं जाणून आहे आणि साक्ष द्यायला तयार आहे. स्वतःहून तयार आहे. पौर्णिमा सांगत होती, "मी तिले म्हटलं, आईले मधात नको आनू. म्हातारी मानसं मायेनं काहीतरी बोलून जातात, अन् केस बिघडते. माह्या बाबाचं सांगितलं तिले. सगळ्यायलेच सांगतो मी." मग तिनं मला विचारलं, बरोबर केलं ना?

मी म्हटलं, हो, बरोबर केलंस.