आक्काच्या गळ्यासाठी माईक

आक्का जाऊन सव्वा महिना झाला. सोजरबाई तिचं नाव, माझी थोरली बहीण, पण आमच्या हडपसरच्या आळीत सगळे आक्काच म्हणायचे. मला लिहायची सवय नाय, चौथी झाली माझी. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतोय, चुकलं तर समजून घ्या.

तेवीस वर्षं ती लोणी काळभोरला कॉलेजच्या मेसमधे चपात्या करायची. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाय. माझी पोरगी मंदाकिनी तिनंच वाढवली म्हणा. भावकीत कुणाचंबी लग्न असू दे, हळद दळताना गाणी आक्काचीच. जात्याला पाच जणी बसायच्या पण गाणं उचलायची ही. एकबी कुठं लिहिलेलं नाय, सगळं तोंडपाठ.

दोन वर्षांमागं आवाज बसला. आम्ही म्हणलं सर्दी. डॉक्टर म्हणले गाठ हाय, आवाजाची पेटीच काढायला लागंल, पंधरा दिवसांत या. म्हणजे बोलणं कायमचं बंद. आणि मंदाकिनीचं लग्न चार महिन्यांवर.

आक्का म्हणली, "लग्न झाल्यावर बघू."

"तवर गाठ थांबंल का?"

"थांबायला सांग तिला. मंदीची हळद मुकी दळायची व्हय?"

मग मीच म्हणलं, गाणी भरून ठेवतो, हळदीला लावू. आक्का म्हणली, "भर. मला ऐकव. पटलं तर येते दवाखान्यात."

बुधवार पेठेत अकबरभाईंचं माईक-स्पीकरचं दुकान हाय. गणपतीत मंडळाचा माईक मीच सांभाळतो, सामान त्यांच्याकडचंच. मी म्हणलं, मंडळाला दिला तसलाच द्या, दणकट.

"संपतराव, ताईंना मिरवणुकीत ओरडायचंय का? आवाज केवढा राहिलाय?"

"शेजारी बसलं तर ऐकू येतं."

"मग तो नको. त्याला तोंड लावून जोरात गावं लागतं. हा कंडेन्सर न्या, हळू आवाजसुद्धा पकडतो. शेजारणीचा कुकरही पकडेल, ते तुमचं नशीब. सोबत ही डबी लागेल, करंट मिळाल्याशिवाय हा बोलत नाही."

पुढं ते माईक कसा ठेवायचा ते सांगायला लागले. मी म्हणलं, "भाई, वीस वर्षं माईक धरतोय."

"बरं. आपण जाणते," म्हणले आणि पावती फाडायला लागले.

घरी खोलीला चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. पंखा बंद, फ्रीज बंद. आक्का बसली आणि शब्दच येईनात. "जातं आण. हात फिरल्याशिवाय गाणं येत नाय." आणलं. रिकामं फिरवायचं नसतं म्हणून हळकुंडं टाकली. माईक मी मंडळात धरतो तसा, टोक तिच्या तोंडाकडं. तासभर गायली बिचारी. ऐकवलं तर नुसती घरघर, आक्का कुठंतरी लांब, विहिरीत बसल्यासारखी.

"हे जातं गातंय, मी नाय. दवाखान्याचं रद्द कर."

डॉक्टरच्या पंधरा दिवसांतले तीनच राहिलेले. अकबरभाईंना फोन केला, सगळं सांगितलं.

"टोक तोंडाकडं केलं ना? अहो, हा टोकानं ऐकत नाही, अंगानं ऐकतो. नाव छापलंय ती बाजू त्याचा कान. पाठ बहिरी. पाठ जात्याकडं करा." तेव्हा हेच सांगत होतो, असं एकदाबी म्हणले नाहीत.

पण आक्का परत बसंना. मग मंदाकिनी एकटीच जात्यापाशी बसली आणि दळायला लागली.

"अगं उलटं फिरवतीस! सासरी हसतील," म्हणत आक्का आली आणि खुंटा तिच्या हातातनं घेतला. माईक मी तिच्या हनुवटीखाली तिरका लावला, पाठ जात्याला. चार गाणी झाली, पाचव्याला गळा संपला.

डोळे मिटून ऐकलं तिनं. "ही मी हाय. दमलेली, पण मीच. चल, कधी जायचंय?"

हळदीच्या दिवशी गळ्याला पट्टी बांधून आक्का जात्याशेजारी बसली. गाणं लावलं. बायांचे हात पळतेत आणि गाणं सावकाश, आजारपणातलं. जमंचना. बिबवेवाडीची तुळजाचुलती म्हणली, "सोजरे, हळद दळतीस का पोरगं झोपवतीस?"

आक्का हसली. आवाज नाय, नुसते खांदे हालत होते. मग मांडीवर थाप मारत तिनं बायांचे हात हळू केले आणि जातं गाण्याला लागलं.

चार गाणी संपली. पुढं काय नव्हतं. आक्कानं तुळजाचुलतीकडं बोट केलं, आता तू. चुलती गायला लागली आणि दुसऱ्याच ओळीला चुकली. आक्कानं हात वर करून जातं थांबवलं आणि ओठ हालवून शब्द दाखवला. एकदा, परत एकदा.

"कळलं गं मास्तरीणबाई, कळलं," चुलती म्हणली आणि पहिल्यापासून धरलं.