चाकांवरचा ओटा

“गाडी पळवली असंल तुमी. उगंच का दगूड फुटतोय?”

गहिनीनाथ मिस्त्री बोलून गेला आणि लगेच त्याला वाटलं, जीभ चावावी. समोर, दिलावर वेल्डरच्या शेडमध्ये, भागवत गुरुजी खुर्चीवर बसले होते. एका पायात चप्पल, दुसऱ्याला पांढरी पट्टी. शेजारी त्यांच्या पत्नी, सुकन्याबाई, हातात पिशवी घेऊन उभ्या.

“विसाच्या वर न्हवती, मिस्त्री,” गुरुजी म्हणाले. “नेवाशाला निघालो हुतो. ही मागं पिठाचा डबा धरून, ‘सांडंल, सांडंल’ करून जीव खात हुती. घोडेगावाजवळ खड्डा लागला, कडाक्कन वाजलं. थांबून बघाया मागं गेलो, तर अर्धा ओटा पायावर आला.”

गुरुजी आणि सुकन्याबाई, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिच्यात घर बसवायचं, मनाला येईल तिकडं हिंडायचं, हा त्यांचा बेत. पलंग, कपाटं मिरजगावच्या दिलावरनं केली. स्वयंपाकाचा ओटा मात्र गहिनीनाथचा. तीस वर्षं या भागातले ओटे त्यानंच बसवलेले. नव्या ओट्यावरची पहिली भाकरी मिस्त्रीला वाढायची, ही इथली रीत. गाडीतलीही पहिली भाकरी बाईंनी त्यालाच वाढली होती आणि त्यानं मिरचीच्या ठेच्यासंगं मिटक्या मारत खाल्ली होती.

ओटा ठरवायच्या दिवशी बाईंनी नकली दगडाच्या फळीचे तीन नमुने आणले होते. वरून दगडासारखे, हातात पापडासारखे हलके. मिस्त्रीनं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं.

“बाई, ह्यो दगूड व्हय? नाटकातला राजा हाय ह्यो! भाकरी थापली तर पत्र्यावानी वाजंल.”

शेड हसली. बाईंनी नमुने पिशवीत टाकले. दिलावर तेवढा म्हणाला होता, “मिस्त्री, गाडीचं अंग हालतंय. दगूड न्हाई हालत.”

“तू तुझं वेल्डिंग बघ,” मिस्त्री म्हणाला होता. मग घराच्या भिंतीत बसवतात तसा काळा ग्रॅनाईट त्यानं तिन्ही बाजूंनी खाच मारून गच्च बसवला. पण घराची भिंत काही घोडेगावला जात नाही.

आता तो गाडीत चढला. दगड बरोबर खाचेच्या कोपऱ्यातून तडकला होता. दुसऱ्या कुणावर ढकलायला तसूभर जागा नव्हती. खाली उतरला तेव्हा दिलावर मुकाट तारा गुंडाळत होता. त्यानं टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

“गुरुजी, तुमी न्हाई पळवली गाडी. माझंच चुकलं,” मिस्त्री म्हणाला. “आन बाई, त्या दिवशी तुमाला हसलो, ते…” इतकी वर्षं त्या तोंडाला नुसतं सांगायची सवय, माफी मागायची नाही.

बाईंनी पिशवीतून तेच तीन तुकडे काढले. “ह्याच्यावर रातभर हळद ठिवली. डाग धरला. ह्याच्यावर तापलेला तवा ठिवला, फुगला. ह्यो करडा दोन्हीला टिकला.”

“कवा केलं हे?”

“तुमी हसलात त्याच्या आधीच.”

“मंग तवाच का न्हाई बोलल्या, बाई?”

“बोलू दिलं का तुमी?”

मिस्त्रीचे कान तापले. गुरुजींच्या पट्टीकडं बघवेना, म्हणून त्यानं करडा तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाला, “दिलावर, ह्याला खाच नको ना रं?”

“न्हाई. खाली रबर, आन चौबाजूनी हालायला बोटभर जागा सोडा.”

“बोटभर,” मिस्त्री हळूच म्हणाला.

करडा तुकडा त्यानं खिशात घातला, छन्नी-हातोडा उचलला आणि फुटका ग्रॅनाईट काढायला गाडीत शिरला. गुरुजींनी चहाला हाक मारली. आतून “आलो” म्हणाला, पण हातोडा काही थांबला नाही.