७६९ एमबी कमी

आमच्या आप्पांनी एकतीस वर्षांत एकही अपघात केला नाही, आणि नंतर तीन दिवसांत चौदा केले. चौदाही पलंगावर बसून.

आप्पा म्हणजे माझे वडील. रत्नागिरी-मुंबई लाल बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर भाईंदरला आमच्याकडे राहायला आले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हृदय तीस टक्केच काम करतंय, आता जिने चढायचे-उतरायचे नाहीत. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे रस्ता खाली आणि आप्पा वर. दिवसभर खिडकीत बसून ते मोरवा गावाच्या दिशेने जाणाऱ्या रिक्षा तपासायचे. "क्लचवर पाय ठेवून चालवतोय गाढव," एवढं बोलून पुढची रिक्षा.

त्या वर्षी, २००७ साली, माझी बहीण आणि मेव्हणे मस्कतहून सुट्टीवर आले. मेव्हण्यांनी नवीन लॅपटॉप घेतला होता, म्हणून जुना आप्पांसाठी ठेवून गेले. जुना म्हणजे खास खेळ खेळण्यासाठी बनवलेला. वजन तीन किलो नऊशे ग्रॅम (मी माझ्या नोकरीच्या गोदामातल्या काट्यावर केलं). त्यात ट्रक चालवायचा एक खेळ होता. माल भरायचा, परदेशातल्या एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा, आणि पोचल्यावर गाडीचं किती नुकसान झालं ते पडद्यावर यायचं.

आप्पा दोन दिवसांत शिकले. जेवायला उठेनात. पण पोचल्यावर दर वेळी नुकसान चाळीस टक्के, पन्नास टक्के. कारण ब्रेक दाबला की ट्रक लगेच थांबत नसे. चित्र अडकायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं, आणि तोवर ट्रक कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये असायचा. मी घड्याळ लावून मोजलं. अडीच सेकंद उशीर. ताशी साठच्या वेगाला अडीच सेकंद म्हणजे बेचाळीस मीटर.

"बेचाळीस मीटरमध्ये मी घाटात बस वळवलीय," आप्पा म्हणाले. "मी गाडी ठोकत नाही रे दिनू. ही ठोकतेय."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि डेपोत ड्रायव्हर लिहून देतात तशी रीतसर तक्रार लिहिली. 'ब्रेक उशिरा लागतात. चढणीला चित्र अडकते. गाडी तपासून मिळावी.' खाली सही, सहीखाली जुना बिल्ला नंबर. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एकच फेरी. एकच फेरी बिनठोकरीची करायची आहे मला. मग ठेव तुझं ते यंत्र बाजूला."

ते असं काही मागत नसत. मी लगेच कामाला लागलो. (सगळी चूक इथेच झाली. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर आप्पांचं काम चार दिवसांत झालं असतं.)

मी काशीमीऱ्याला एका गोदामात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं माझं एकच काम: चलनावर लिहिलेला माल आणि ट्रकमधून उतरलेला माल जुळवायचा. जुळला तर सही. एक नग कमी असेल तर सही नाही, मग ड्रायव्हर कितीही ओरडो. सही केली की तक्रार संपली, हे मी झोपेतही सांगू शकतो. बायको म्हणते, सांगतोसुद्धा.

मिरा रोडला स्टेशनबाहेरच्या गाळ्यांमध्ये जिग्नेशभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यांनी ऐकून सांगितलं, "रॅम कम है अंकल. एक जीबी में ये गेम नहीं चलेगा." रॅम म्हणजे यंत्राची काम करताना लागणारी मेमरी, हे मला त्या दिवशी कळलं. मी वहीत तक्ता केला: क्षमता, वेग, पिना, हमी किती वर्षांची.

"लॅपटॉप का चाहिए या पीसी का?" त्यांनी विचारलं.

आता आमचा लॅपटॉप कधी कुणाच्या मांडीवर गेला नव्हता. तो पलंगासमोरच्या टेबलावर कायमचा होता. मी विचार करून अचूक उत्तर दिलं, "टेबल पे रखने का है."

घरी येऊन लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. आणलेली रॅमची पट्टी तेरा सेंटिमीटर, तिची जागा सात सेंटिमीटर. तक्त्यात लांबीचा रकानाच नव्हता.

"बसचा टायर रिक्षाला आणलास," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी पट्टी बदलायला गेलो तेव्हा मोजपट्टी घेऊन गेलो. जिग्नेशभाई गुजरातला लग्नाला गेले होते, त्यांचे भागीदार गल्ल्यावर होते. मी म्हटलं, पावणेसात सेंटिमीटर, दोनशे पिना. त्यांनी दिली. मी दुकानात उभं राहून सुईच्या टोकाने पिना मोजल्या. दोन्ही बाजू मिळून बरोब्बर दोनशे. लांबी बरोबर. समाधानाने घरी आलो. पट्टी बसेना. तिच्या कडेला एक छोटी खाच असते, ती आणि यंत्रातला उंचवटा केसभर पुढेमागे होते. पट्टी आधीच्या पिढीची होती. पिना तेवढ्याच, खाच वेगळी. पण आकडे जुळत असताना वस्तू बसत नाही हे माझ्या बुद्धीला पटेना. मी अंगठ्याने दाबू लागलो.

"जोर लावू नकोस," आप्पा पलंगावरून म्हणाले. "गिअर पडत नसेल तर आपलंच काहीतरी चुकलंय असं समजायचं."

"आप्पा, दोनशे पिना आहेत."

"असतील. गाडीला चार चाकं होती म्हणून मी कुणाचीही गाडी घरी आणली नाही."

तिसऱ्या वेळी बायकोने, सुनंदाने, पुढाकार घेतला. "अहो, तक्ता नको, मोजपट्टी नको. अख्खा लॅपटॉप घेऊन जा आणि म्हणा, यात बसेल ते द्या." असं म्हणायला मला लाज वाटली, पण गेलो. जिग्नेशभाई परत आले होते. त्यांनी जुन्या पट्ट्या काढल्या आणि दोन-दोन जीबीच्या दोन नव्या बसवल्या. टक् टक् आवाज झाला, दोन मिनिटांत काम संपलं. एकूण चार जीबी.

घरी आप्पा दाढी करून तयार. दाढी! खेळासाठी. डावीकडे चष्म्याचं घर, उजवीकडे पाण्याचा तांब्या, जसं बसमध्ये ठेवत तसं.

"आण," म्हणाले.

"थांबा. आधी मोजतो."

चार जीबी म्हणजे ४०९६ एमबी. यंत्रावर किती मेमरी दिसते ते मी उघडलं. ३३२७. पुन्हा उघडलं. ३३२७. वहीत वजाबाकी केली. ७६९ एमबी कमी.

"माल कमी आलाय," मी म्हटलं.

"किती कमी?" आप्पांनी विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे ऐंशी टक्के आहे. मी तीसवर चालतोय दिनू. आण ती गाडी."

"आप्पा, एकदा वापरला की माल स्वीकारला असं होतं. मग तो दुकानदार ऐकेल?"

सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझीपण उंची लग्न ठरताना सांगितल्यापेक्षा एक इंच कमी निघाली होती. मला परत केलंत का?"

"तेव्हा मला गोदामात नोकरी लागायची होती."

मी लॅपटॉप पिशवीत भरला. आप्पांनी तांब्या उचलून खाली ठेवला.

जिग्नेशभाईंनी मला फार शांतपणे समजावलं. "अंकल, रॅम पूरा चार है. मशीन को सब दिखता नहीं. जेवढी यंत्रणेची नजर, तेवढंच दिसतं." (भाईंदर-मिरा रोडला एका वाक्यात दोन भाषा हा सभ्यपणा समजला जातो.)

"मग बाकीचं गेलं कुठे?"

"गेलं नाही, आहे. दिखता नहीं."

बावीस वर्षांत किती ड्रायव्हरांनी मला हे ऐकवलं असेल. माल आहे साहेब, दिसत नाही. मी म्हटलं, जोडी बदलून द्या. ते म्हणाले, बदलतो, पण वरून मागवावी लागेल, आठ दिवस लागतील. मी लॅपटॉप तिथेच ठेवला. घरी आप्पा म्हणाले, "निदान जुन्या पट्ट्या लावून तरी आणायचा होतास. ठोकत ठोकत चालवला असता." मी त्यांना समजावलं की तपासणी चालू असताना माल जागेवरून हलवत नाहीत.

आठ दिवसांनी नवी जोडी आली. ३३२७.

ही तर पुराव्याची गोष्ट झाली. दोन वेगळ्या जोड्या, तूट तीच. म्हणजे दुकानदाराचा मालच असा येतो. (दोन्ही वेळा तूट सारखीच, म्हणजे पट्ट्यांचा दोष नाही, हा सरळ अर्थ माझ्या डोक्यात आला नाही. आकडे सारखे आले की मला आधी आनंद होतो.) मी पुन्हा लॅपटॉप दुकानातच ठेवला आणि म्हटलं, लेखी द्या. मेमरी चार आहे, दिसते सव्वातीन, आणि हे बरोबर आहे, असं दुकानाच्या कागदावर, शिक्क्यासह. जिग्नेशभाई म्हणाले, शिक्का भागीदाराकडे आहे, भागीदार गावाला. आणखी सहा दिवस.

त्या सहा दिवसांत आप्पांचे पाय सुजले. डॉक्टर घरी येऊन गोळ्या वाढवून गेले. आप्पा खिडकीपर्यंत जात नव्हते. पलंगावर बसून समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघायचे, आणि एकदा मी पाहिलं, त्यांचा उजवा पाय चादरीवर हळूच दाबला जात होता. परत वर. परत दाबला.

सातव्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा म्हणाले, "आज आणशील?"

"आज नक्की. लेखी घेऊनच येतो."

"लेखी कशाला रे? गाडी आण."

दुकानात शिक्का आला होता. जिग्नेशभाई लिहीत होते, मी मजकूर सांगत होतो. 'एकूण ४०९६, दृश्य ३३२७', असं. 'दृश्य' शब्द त्यांना लिहिता येईना, मी अक्षर अक्षर सांगत होतो, तेवढ्यात सुनंदाचा फोन आला.

"अहो, घरी या. आप्पांना श्वास लागलाय."

"डॉक्टरांना बोलावलंस?"

"आलेत ते. तुम्ही या."

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "शिक्का मारतायत."

तो शिक्का अतिशय स्वच्छ उठला. तारीख वाचता येते, सही वाचता येते. कागद घेऊन, लॅपटॉप छातीशी धरून मी रिक्षात बसलो. रेल्वे फाटकापाशी रस्ता अडला होता. मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा डॉक्टर हात धूत होते आणि सुनंदा आप्पांच्या अंगावरची चादर नीट करत होती.

तिने मला काही म्हटलं नाही. आजपर्यंत नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला उत्तर द्यायची तयारी करता आली असती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुपारी घर रिकामं झालं, तेव्हा मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तो खेळ चालू केला. मला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेतो. पण चित्र कुठेही अडकत नव्हतं. झाडं सरळ मागे जात होती, वळणं सरळ येत होती. चढणीला ट्रक एकदाही थबकला नाही.

मग सवयीने मी तो चालू असतानाच मेमरी किती वापरली जातेय ते उघडून बघितलं. १३८८ एमबी.

मेव्हण्यांनी दिला तेव्हा यंत्रात १०२४ होती. म्हणजे आप्पांना कमी पडत होते ३६४. एक छोटी पट्टी लावली असती तरी भागलं असतं. त्या ३६४ साठी मी ३३२७ आणून घरात ठेवले होते, आणि ७६९ साठी ते परत नेले होते. वजाबाकी मी दोनदा केली. दोन्ही वेळा बरोबर आली.

सुनंदा चहा घेऊन आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. "पुरतेय का आता?" तिने विचारलं.

"उरतेय," मी म्हटलं. "एकोणीसशे एकोणचाळीस."

तिने कप पुढे केला. मी चहा घेतला, ट्रक पुन्हा रस्त्यावर आणला, आणि आप्पांची ती एक फेरी आपण तरी पुरी करावी म्हणून जपून निघालो. पहिल्याच नाक्यावर सरळ टोलच्या खोपटात घुसलो. नुकसान एकसष्ट टक्के. ब्रेक उत्तम लागत होते. ड्रायव्हरच गोदामातला होता.